जुन्या गावातलं घर आणि चौथीचा वर्ग: किल्लारी भूकंपाच्या तिसाव्या स्मृतिदिनाचा आठवडा

आमच्या भागातल्या शाळांत ३० सप्टेंबरच्या परिपाठाला दोन मिनिटं स्तब्ध उभं राहतात. मुख्याध्यापक चार शब्द बोलतात आणि पोरं वर्गात जातात. २०२३ साली त्या पहाटेला तीस वर्षं पूर्ण होत होती. त्या वर्षी आम्ही चौथीच्या वर्गात सोमवार ते शनिवार असा सगळा आठवडाच या विषयाला दिला. त्या आठवड्यात काय केलं, काय जमलं आणि काय राहून गेलं, त्याची ही नोंद. गाव औसा तालुक्यातलं, भूकंपानंतर नव्या जागेवर वसवलेलं. गावाचं आणि मुलांचं नाव देत नाही, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी लोकांच्या घरातल्या आहेत.

पार्श्वभूमी

३० सप्टेंबर १९९३, गुरुवार, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाच्या मिरवणुका उशिरापर्यंत चालल्या होत्या आणि दमलेली माणसं गाढ झोपली होती. भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. जगात असे भूकंप दरवर्षी होतात आणि कित्येकदा त्यात फार माणसं जात नाहीत. इथं मात्र केंद्र जमिनीखाली जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर होतं आणि वर दगडमातीची घरं होती. मृत्यूंचा अधिकृत आकडा ७,९२८ आहे. आमच्याकडची माणसं दहा हजार सांगतात. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं पुरती बसली.

आमच्या वर्गातल्या एकाही मुलाने हे पाहिलेलं नाही. बऱ्याच जणांच्या आईबापांनीही पाहिलेलं नाही, किंवा ते तेव्हा कडेवर होते. आजी-आजोबांनी पाहिलं, आणि ते सहसा बोलत नाहीत. त्यामुळे मुलांच्या कानावर पडतं ते अर्धंमुर्धं: एखादं नाव, घरातला एक जुना फोटो, पितृपंधरवड्यात वाढलं जाणारं एक जास्तीचं पान.

त्यात २०२३ हे साल वेगळं होतं. फेब्रुवारीत तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला, ८ सप्टेंबरला मोरोक्कोत झाला. ढिगाऱ्यातून लेकरं काढतानाचे व्हिडिओ आमच्या पोरांनी घरच्या मोबाइलवर पाहिलेले होते. त्याच्या आदल्या वर्षी सप्टेंबरातच निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून आवाज येऊ लागले होते, हलके धक्के बसत होते, आणि ती बातमी इथल्या प्रत्येक पारावर चघळली गेली होती. मोरोक्कोनंतरच्या सोमवारी वर्गातल्या एका मुलाने हजेरी चालू असतानाच विचारलं, "मॅडम, आपली शाळा पडंल का?" त्याची आई नंतर भेटली तेव्हा कळलं की तो घरात झोपायला तयार नाही, अंगणात खाट टाकून मागतो.

म्हणजे विषय मुलांच्या मनात आधीच घुसलेला होता. तो स्तब्धतेच्या दोन मिनिटांत मावणारा नव्हता.

काय ठरवलं

मुख्याध्यापकांशी बोलताना दोन गोष्टी पक्क्या केल्या. पहिली, मृतदेहांचे फोटो आणि व्हिडिओ वर्गात आणायचे नाहीत. दुसरी जास्त महत्त्वाची होती. "घरी विचारून या" असा गृहपाठ द्यायचाच होता, पण घरी कुणाला काय विचारायचं ते आम्ही ठरवून द्यायचं. "त्या रात्री काय झालं?" हा प्रश्न नऊ वर्षांच्या नातीने आजीला विचारू नये असं मला ठामपणे वाटत होतं. आजीने उत्तर दिलं तर नातीला पेलवणार नाही. नाही दिलं तर आपण काहीतरी वाईट विचारलं असं नातीला वाटेल. म्हणून वहीत प्रश्न लिहून दिले ते असे: जुन्या गावात आपलं घर कुठं होतं? किती खणांचं होतं? माळवदावर काय वाळत घालायचे? पाणी कुठून आणायचे? घरात जनावरं कुठं बांधायचे? तुम्ही कुठं खेळायचात?

त्या रात्रीबद्दल एकही प्रश्न नव्हता.

आठवडाही मधेच तुटणारा होता. २८ तारखेला गुरुवारी अनंत चतुर्दशी, २९ला शुक्रवारी ईदची सुट्टी. यात एक गोष्ट आम्हाला आधी लक्षात आली नव्हती, ती एका मुलीच्या पणजीने सांगितली. तारखेने ३० सप्टेंबर असला तरी तिच्या हिशेबात तो दिवस तिथीने येतो: विसर्जनाची रात्र सरून पौर्णिमेची पहाट. म्हणजे तिचा स्मृतिदिन शाळेच्या एक दिवस आधी, शुक्रवारीच होता. मग आम्ही फळ्यावर दोन्ही दिवस लिहिले.

सोमवार: घरं आली

उत्तरं मंगळवारपर्यंत येतील असं धरलं होतं, पण प्रश्न शनिवारीच दिल्यामुळे सोमवारी सकाळी वह्या भरून आल्या. काही उत्तरं मुलांच्या अक्षरात, काही आजोबांच्या मोडक्या अक्षरात. एकाच्या वहीत पानभर नकाशाच होता. बारव, मारुती, वेस, पाटलाची गढी, चिंचेचं झाड आणि झाडाशेजारी "माझी शाळा" असं लिहिलेलं. तो त्याच्या वडलांनी काढला होता. ते १९९३ साली स्वतः चौथीत होते.

घरांची वर्णनं एकमेकांशी इतकी जुळत होती की मुलांना गंमत वाटायला लागली. दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाड दगडी भिंती, मातीत रचलेल्या. लाकडी खांब आणि तुळया, दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. वर लाकडं, त्यावर काटक्या, त्यावर पांढऱ्या मातीचा हातभर थर. हे माळवद. उन्हाळ्यात घर थंड राहायचं. पावसाळ्याआधी दरवर्षी नवी माती टाकायची, म्हणजे गळत नाही. "दरवर्षी टाकायची आणि जुनी काढायची नाही?" असं एका मुलीने विचारलं. या आठवड्यातला तो सगळ्यात मोलाचा प्रश्न होता, कारण मंगळवारचा सगळा तास त्याच्यावर चालला.

दुपारी अंगणात खडूने जुन्या गावाचा नकाशा काढायला घेतला. दोन आजोबा फाटकाशी उभे राहून बघत होते, ते थोड्या वेळाने आत आले आणि वाद घालू लागले की बारव मारुतीच्या उजवीकडे की डावीकडे. हा वाद अर्धा तास चालला. मुलांना तो फार आवडला.

नकाशात गावाबाहेरच्या वस्त्याही आल्या. एका मुलाने सरळ विचारलं, यांची घरं लांब का? जातीमुळं, असं मी सरळ सांगितलं. आजोबा गप्प झाले, पण नाही म्हणाले नाहीत.

मंगळवार: भिंतीला पोट आलं

मंगळवारी गावातले एक मिस्त्री वर्गात आले. भूकंपानंतर इथलं पुनर्वसन झालं तेव्हा त्यांनी मजुरी करता करता गवंडीकाम शिकलं होतं. त्यांच्याबरोबर मुलांनी दोन छोट्या भिंती बांधल्या, फळकुटावर, प्रत्येकी वीतभर उंच. फळकुटाखाली गोट्या ठेवल्या होत्या, म्हणजे ते हलवता येईल.

पहिली भिंत जुन्या पद्धतीची. बाहेरून एक दगडांची रांग, आतून एक, मधे खडी आणि चिखल. गोल दगड, कारण जुन्या गावात तसेच असायचे. दुसऱ्या भिंतीत मिस्त्रींनी दर थोड्या अंतरावर लांबट दगड आडवे घातले, भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जाणारे. वरून बांबूच्या कामट्यांचा एक पट्टा चारही बाजूंनी बांधला. दोन्हींवर ओल्या मातीने भरलेलं एकेक ताट ठेवलं. हे माळवद.

मग फळकूट हलवलं. पहिली भिंत लगेच पडली नाही. आधी तिच्या बाहेरच्या दगडांची रांग हळूहळू बाहेर फुगली. "मॅडम, भिंतीला पोट आलं!" एक मुलगी ओरडली. मिस्त्री म्हणाले, आम्ही पण असंच म्हणतो. पुढच्या हिसक्याला बाहेरची रांग बाहेर आणि आतली आत अशी फुटली आणि मातीचं ताट धप्पकन खाली आलं. दुसऱ्या भिंतीचे दोन दगड निखळले, पण ताट वरच राहिलं.

मुलांनी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. ताटात माती वाढवली की काय होतं, कमी केली की काय होतं. इथे सोमवारचा प्रश्न परत आला: दरवर्षी माती टाकत गेल्यामुळे माळवद जड होत गेलं. १९९३च्या पाहणीतही हेच दिसलं होतं. मातीत रचलेल्या, मधे खडी भरलेल्या जाड भिंती आणि त्यांच्यावरचं जड छत, यांनी माणसं गेली. काही घरांत भिंती कोसळल्या तरी लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या. आणि कुडाच्या, गवताच्या छपराखाली झोपलेले बरेच जण वाचले.

हे शेवटचं वाक्य फळ्यावर लिहिलं तेव्हा वर्ग थोडा वेळ घोटाळला. मोठा वाडा मजबूत आणि झोपडी कच्ची, हे मुलांचं गणित उलटं झालं होतं. ज्यांच्या पणज्या गावाबाहेरच्या वस्तीत राहत होत्या ती मुलं त्या दिवशी जास्त बोलली. एरवी ती मागच्या ओळीत असतात.

भूकंप का होतो हा भाग आम्ही मुद्दाम भिंतीनंतर घेतला. एका मुलीच्या घरी शेषनागाने फणा हलवल्याची गोष्ट सांगतात. ती खोटी ठरवून तिच्या आजीला वर्गात लहान करायचं नव्हतं. तक्त्यावर दोन रकाने केले, "आजी सांगते" आणि "जमिनीत काय सापडलं". दुसऱ्या रकान्यात आलं ते असं: भारताचा भूभाग वर्षाला काही सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो. त्या दाबाने हिमालय उचलला जातो. तो दाब पठाराच्या पोटातही साठतो आणि खडकातली जुनी भेग एखाद दिवशी सरकते. प्लास्टिकची पट्टी वाकवून सोडली की काय होतं ते मुलांनी हाताने केलं. दख्खनचं पठार भक्कम, इथं भूकंप होत नाही, असंच मोठ्या माणसांनाही वाटत होतं. भूकंपप्रवणतेच्या नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होती. २००२च्या नकाशात ते पहिलं क्षेत्रच काढून टाकलं आणि हा भाग तिसऱ्या क्षेत्रात आला. "म्हणजे नकाशा काढणाऱ्यांनाबी माहीत नव्हतं?" हो, नव्हतं. कोयनेला १९६७च्या डिसेंबरात झाला होता, तरी इकडे होईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

बुधवार

गणिताच्या तासाला नव्या गावातली घरं मोजली. पुनर्वसनात जमिनीच्या धारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली होती. गावात आजही "अडीचशेचं घर", "साडेसातशेचं घर" असंच म्हणतात. अंगणात २५ गुणिले १० फुटांचा चौकोन आखून त्यात एका कुटुंबाचं सामान बसवायला सांगितलं, तेव्हा जनावरं कुठं बांधायची हा प्रश्न सुटेना. म्हणूनच गावात प्रत्येक घरापुढे पत्र्याची शेड आहे, हे मुलांनी आपणहून शोधलं.

त्याच दुपारी ते वडील आले, ज्यांनी वहीत नकाशा काढला होता. भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं, त्यांत ते होते. मुलांसमोर काय बोलायचं याबद्दल आम्ही आधी बसून ठरवलं होतं. ते म्हणाले, मी तुमच्याएवढा होतो. माझ्या बाकावरचा मित्र गेला, त्याला विटीदांडूत कुणी हरवू शकत नव्हतं. मग त्यांनी मित्राच्या खेळाबद्दलच सांगितलं, विटी कशी कोलायचा, डाव कसा लांबवायचा. पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरली तेव्हा गुरुजींनी बरेच दिवस हजेरी नावाने घेतली नाही, नुसती डोकी मोजली, हेही सांगितलं. एक मुलगी रडली. तिच्या वडलांचं नाव त्यांच्या गेलेल्या थोरल्या भावाचं आहे, हे तिला घरी त्याच आठवड्यात कळलं होतं. मी तिला बाहेर नेलं नाही. ती शेजारणीच्या खांद्याला टेकून बसली आणि तास पुढे चालू राहिला. मधल्या सुट्टीत ती त्या पाहुण्यांकडे गेली आणि माझे मोठे काका तुमच्या वर्गात होते का, असं तिने विचारलं. नव्हते. दोन वर्षं पुढे होते, पण त्यांना ओळखत होते ते.

या तासाबद्दल नंतर एका पालकाने नाराजी सांगितली, लेकरांना कशाला रडवता म्हणून. त्यांचं म्हणणं मी ऐकून घेतलं. तरी मला वाटतं की त्या मुलीला तिचं दुःख कुणी नव्याने दिलं नाही. ते घरात होतंच. त्याबद्दल बोलायला माणूस मिळाला, एवढंच.

सुट्टीतलं काम

गुरुवार-शुक्रवारसाठी एकच काम दिलं होतं: आपण झोपतो त्या जागेच्या वर आणि शेजारी काय आहे ते बघून यायचं. शाळेत संकटाच्या वेळी टेबलाखाली जा असं शिकवतात. आमच्या वर्गात टेबलं नाहीत, मुलं सतरंजीवर बसतात. म्हणून बुधवारी आम्ही खिडक्यांपासून लांब, आतल्या भिंतीच्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसून मान आणि डोकं दप्तराने झाकायचा सराव केला होता. घराची पाहणी हे त्याचंच पुढचं पाऊल.

शनिवारी यादी आली ती वाचून मी चकित झाले. जवळपास सगळ्या घरांपुढच्या शेडच्या पत्र्यावर दगड ठेवलेले होते, वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून. बऱ्याच मुलांची खाट त्याच शेडमध्ये. जो मुलगा घर पडेल म्हणून अंगणात झोपायला मागत होता, त्याचीही. सिमेंटच्या घरातून उठून तो दगड लादलेल्या पत्र्याखाली झोपत होता. काहींनी उशाशी लोखंडी कपाट, डोक्यावर पितळी भांड्यांची फळी लिहून आणली. दोघांनी नव्या जनावरांच्या गोठ्याची भिंत जुन्या गावातून आणलेल्या गोल दगडांची, मातीतली आहे, असं लिहिलं आणि कंसात लिहिलं: "आरपार दगड नाहीत."

शनिवार, ३० सप्टेंबर

सकाळची शाळा. परिपाठाला नेहमीची स्तब्धता झाली. त्यानंतर चौथीची मुलं खडूच्या नकाशावर आपापल्या जुन्या घराच्या जागी जाऊन उभी राहिली आणि एकेकाने आपलं घर सांगितलं. "मारुतीच्या मागं, पाच खणांचं, दारात कडुलिंब, आमची आजी इथं पापड वाळवायची." मृतांची नावं वाचायची नाहीत असं ठरवलं होतं, पण काही मुलांनी घर सांगताना घरातली माणसंही सांगितली आणि त्यांना कुणी थांबवलं नाही. एका मुलाचं कुटुंब पाच-सहा वर्षांपूर्वी कामासाठी इथे आलेलं, त्याचं जुन्या गावात घर नव्हतं. मुलांनीच त्याला वेशीत उभं केलं, पाहुणा तिथूनच येतो म्हणून.

मोठी माणसं बरीच जमली होती. सोयाबीनच्या काढणीचे दिवस, तरी थांबली. तिथी सांगणारी पणजी आली आणि नातवाचा हात धरून आपल्या घराच्या चौकोनात जाऊन बसली. मग चौथीच्या मुलांनी दोन भिंतींचा प्रयोग सगळ्यांसमोर करून दाखवला आणि पत्र्यावरच्या दगडांची यादी वाचली, घरमालकांची नावं न घेता.

या प्रकरणातून काय दिसलं

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते गृहपाठाच्या प्रश्नांचं. आम्ही रात्रीबद्दल विचारलं नाही, घराबद्दल विचारलं, आणि घराबद्दल बोलता बोलता अनेक घरांत ती रात्रही आली. पण ती सांगणाऱ्याच्या इच्छेने आणि त्याला झेपेल तेवढीच आली. तीन पालकांनी सांगितलं की आमच्या म्हाताऱ्यांनी पहिल्यांदाच जुन्या गावाबद्दल एवढं सांगितलं. मेलेल्या माणसांची आठवण मुलांना त्यांच्या मरणापासून सुरू करून द्यायची नसते. ती माणसं कुठे राहत, काय खात, काय खेळत, इथून सुरुवात झाली तर मुलं ती आपली म्हणून घेतात.

भीतीचं दुसरं. "घाबरू नको, काही होणार नाही" हे मी त्या मुलाला म्हणू शकत नव्हते, कारण ते खरं नाही. भिंत कशी पडते आणि कशी पडत नाही हे त्याने स्वतः हलवून पाहिलं, हे त्याच्या जास्त उपयोगी पडलं. पुढच्या आठवड्यात त्याच्या वडलांनी पत्र्यावरचे दगड उतरवून पत्रे हुकांनी पक्के केले. तो आता आत झोपतो. मोठा आवाज झाला की अजूनही दचकतो, हेही त्याची आई सांगते.

काही गोष्टी जमल्या नाहीत. जुन्या गावाच्या जागेवर मुलांना न्यायचं होतं. तिथे आता वेड्या बाभळी माजल्यात, दगडांच्या राशींत साप असतात, आणि एवढ्या मुलांना सांभाळायला माणसं कमी होती. गोठ्यांच्या भिंतींचंही तसंच: आरपार दगड घालून त्या पुन्हा बांधायला खर्च येतो, तो करायला ते दोन्ही पालक तयार झाले नाहीत.

ऑक्टोबरच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मुलांची यादी ठेवली. वर्गातली दोन लोखंडी कपाटं भिंतीला पट्ट्या मारून पक्की करायची आणि पोषण आहाराच्या खोलीतली वरची फळी काढायची, हे दोन ठराव झाले. खर्च संयुक्त शाळा अनुदानातून करायचा ठरला आणि काम त्याच मिस्त्रींना दिलं. तिसरीच्या वर्गशिक्षकांनी प्रश्नांची वही मागून नेली आहे. त्यांना त्यात "तुमच्या शाळेत कोण शिकवायचं?" हा एक प्रश्न वाढवायचा आहे.